एकच माणूस, दोन केंद्रं: स्वयंसेवकाची ओळख पटवायची म्हणजे नेमकं काय करायचं?

एका बायोइक्विव्हॅलन्स केंद्रात (नवी गोळी मूळ गोळीसारखीच रक्तात उतरते का, हे निरोगी स्वयंसेवकांवर तपासणारं केंद्र) स्वयंसेवक-नोंदणीचं काम नव्यानं हाती घेतलेल्या सहकाऱ्याचा प्रश्न आहे. थोडक्यात असा: "आमच्याकडे स्क्रीनिंगला, म्हणजे निवडीच्या तपासणीला, आधारची झेरॉक्स घेतात, अंगठ्याचा ठसाही घेतात. तरी परवा दुसऱ्या पिरियडच्या, म्हणजे डोसच्या दुसऱ्या फेरीच्या, चेक-इनला एकाच्या कोपराच्या आतल्या बाजूला सुईच्या ताज्या खुणा दिसल्या. विचारल्यावर त्यानं सांगितलं, मधल्या वॉशआउटमध्ये (पहिलं औषध शरीरातून निघून जावं म्हणून ठेवलेल्या काळात) तो दुसऱ्या शहरातल्या केंद्रात जाऊन डोस घेऊन आला होता. आमचं चुकलं कुठे? आणि ओळख पडताळणी किती कडक करायची?"

मी डॉक्टर आहे. निरोगी स्वयंसेवकांवरच्या अभ्यासांत वीस वर्षांहून जास्त काम केलंय, त्यातली बरीचशी नवी मुंबईत. त्या अनुभवावरून उत्तर देते.

आधी चूक कुठे झाली ते बघू. तुमच्या दाराशी एकाच प्रश्नाचं उत्तर शोधलं जातंय: समोरचा माणूस तोच आहे का? आधार आणि अंगठा, दोन्ही त्याच प्रश्नाला उत्तर देतात. तुमचा स्वयंसेवक तर तोच होता. नाव खरं, अंगठा खरा, आधार खरं. दुसरा प्रश्न वेगळाच आहे: हा माणूस गेल्या तीन महिन्यांत आणखी कुठे होता? याचं उत्तर तुमच्या इमारतीत नाहीच. ते दुसऱ्या केंद्राच्या रजिस्टरमध्ये आहे किंवा त्या माणसाच्या तोंडी आहे. आपल्याकडची बरीच केंद्रं पहिल्या प्रश्नावर भरपूर पैसा घालतात आणि दुसरा प्रश्न संमतीपत्रातल्या एका ओळीवर सोडून देतात. "मी गेल्या ९० दिवसांत दुसऱ्या कुठल्याही अभ्यासात भाग घेतलेला नाही", खाली सही. ती सही माणूस कुठल्या परिस्थितीत करतो, याकडे मी शेवटी येते.

हे सगळं कशासाठी, हे तुमच्या टीममधल्या प्रत्येकाला नीट समजलेलं हवं. अगदी गेटवरच्या सिक्युरिटीलासुद्धा. नाहीतर पडताळणी म्हणजे नुसती चोर पकडण्याची कवायत होते. खरं तर ती त्या माणसाच्या शरीरासाठी असते.

रक्ताचाच हिशोब घ्या. साध्या दोन पिरियडच्या अभ्यासात एका पिरियडला वीस-बावीस वेळा रक्त घेतात, दर वेळी साधारण पाच मिली. दोन पिरियडचं मिळून दोनशे-सव्वादोनशे मिली होतं. त्यात स्क्रीनिंगचं, शेवटच्या तपासणीचं आणि कॅन्युला (शिरेत बसवून ठेवलेली बारीक नळी) साफ ठेवण्यासाठी दर वेळी टाकून द्यावं लागणारं थोडं थोडं रक्त मिळवलं, तर आकडा अडीचशे-तीनशेवर जातो. रक्तदानात एका वेळी ३५० मिली घेतात आणि त्यानंतर पुरुषाला ९० दिवस, बाईला १२० दिवस पुन्हा रक्त देऊ देत नाहीत. रक्तपेढीत हिमोग्लोबिन १२.५ च्या खाली असेल तर दात्याला परत पाठवतात. आता हाच माणूस महिन्याभरात दोन केंद्रांत बसला, तर जवळजवळ दोन रक्तदानांचं रक्त गेलं. वर पोटात बहुधा दिवसाचं एकच नीट जेवण. मी एका गवंड्याची फाइल पाहिली होती. त्याचं हिमोग्लोबिन जानेवारीत १४.१, मेमध्ये १३, ऑगस्टमध्ये ११.६. प्रत्येक वेळचा रिपोर्ट वेगवेगळ्या फाइलमध्ये होता आणि जानेवारी-मेचे आकडे "नॉर्मल" होते. तीन कागद शेजारी ठेवले तेव्हा माणूस उतरणीला लागलेला दिसला.

औषधाचं त्याहून अवघड. आपण म्हणतो वॉशआउट म्हणजे किमान पाच अर्धायुष्यं (अर्धायुष्य म्हणजे शरीरातलं औषध निम्मं व्हायला लागणारा वेळ), कारण तेवढ्यात जवळजवळ ९७ टक्के औषध शरीराबाहेर जातं. पण हा हिशोब आपण दिलेल्या औषधाचा. तो बाहेर काय घेऊन आला, ते आपल्याला माहीतच नसतं. अॅम्लोडिपिनचं अर्धायुष्य ३० ते ५० तास, दहा दिवसांत सुटका. हायड्रॉक्सीक्लोरोक्वीनचं चाळीस दिवसांच्या आसपास, म्हणजे ९० दिवसांची ठरीव मुदतसुद्धा तिथे अपुरी. आणि रिफॅम्पिसिनसारखं औषध स्वतः रक्तातून लवकर जातं, पण यकृतातली एन्झाइम्स जी चाळवून जातं ती पूर्ववत व्हायला दोनेक आठवडे लागतात. त्या काळात दिलेलं दुसरं औषध नेहमीपेक्षा भराभर मोडलं जातं. रक्तातल्या पातळीकडे बघून कुणालाही वाटेल, गोळीच खराब आहे.

बीई, म्हणजे बायोइक्विव्हॅलन्स, अभ्यासात हे आणखी बोचतं, कारण तिथे प्रत्येक माणूस स्वतःशीच तोलला जातो. पहिल्या पिरियडला नवी गोळी, दुसऱ्याला मूळ गोळी, आणि दोन्हींच्या रक्तातल्या पातळ्यांचं गुणोत्तर ९० टक्के विश्वास-मर्यादेनं ८० ते १२५ टक्क्यांच्या पट्ट्यात बसायला हवं. मध्ये तिसऱ्याच औषधानं त्याचं शरीर बदलून ठेवलं, तर तो स्वतःशीही जुळत नाही. चोवीस माणसांच्या अभ्यासात असे दोघं निघाले तरी निकाल ढळू शकतो. काही जण म्हणतात, "डोसच्या आधीच्या नमुन्यात कळेलच की." नाही कळत. डोसच्या आधीची पातळी सर्वोच्च पातळीच्या पाच टक्क्यांहून जास्त निघाली तर त्या माणसाची त्या पिरियडची माहिती वगळतात, हे खरं. पण प्रयोगशाळा तुमचंच औषध शोधत असते. दुसऱ्या केंद्रातलं औषध त्या यंत्राला दिसतच नाही.

आता "तोच आहे का" या पहिल्या प्रश्नाबद्दल. तिथेही भोकं आहेत.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट सांगते. रात्रीचं चेक-इन, चाळीस जणांची रांग. एक विशीतला मुलगा, मूळचा मराठवाड्यातला, पनवेलजवळ भाड्याच्या खोलीत राहणारा. कार्डावरचा फोटो तसाच, नाव-गाव तोंडपाठ. त्या दिवशी ठशाचं मशीन बंद होतं, म्हणून फोटोवर भागवलं होतं. शारीरिक तपासणीला मी स्क्रीनिंगची फाइल उघडून ठेवली होती. त्यात माझ्याच अक्षरात लिहिलेलं, उजव्या बाजूला अपेंडिक्सच्या ऑपरेशनचा जुना व्रण. शर्ट वर करायला सांगितला. पोट स्वच्छ. दोन्ही बाजूंना हात फिरवून पाहिलं, काहीच नाही. उंची मोजली तर चार सेंटीमीटर जास्त. मी फक्त इतकंच विचारलं, "घरी कोण कोण असतं रे?" तो रडायलाच लागला. "दादाला तीन दिवस ताप आहे, मॅडम. जागा गेली असती म्हणून मी आलो." दादाचा ताप खोटा नव्हता. पण या धाकट्याची एकही तपासणी आमच्याकडे झालेली नव्हती. त्याच रात्री त्याचं रक्त पाठवलं. एसजीपीटी, म्हणजे यकृताला इजा झाली की वाढणारं एन्झाइम, नॉर्मलच्या तिपटीहून वर. दोन महिन्यांपूर्वी कावीळ होऊन गेलेली. सकाळी आठ वाजता आम्ही त्याला जी गोळी देणार होतो, ती यकृतातच मोडणारी होती.

तेव्हापासून मी नियम केला: स्क्रीनिंगच्या फाइलमध्ये किमान तीन कायमच्या खुणा लिहायच्याच. जन्मखूण, व्रण, गोंदण, वाकडं बोट, जे असेल ते, नेमक्या जागेसह. "डाव्या भुवईवर टाक्याचा व्रण, सुमारे दीड सेंटीमीटर" असं. नुसतं "चेहऱ्यावर तीळ" लिहून भागत नाही. उंची दर वेळी मोजायची, आधीच्या फाइलवरून उतरवायची नाही. आणि चेक-इनला तपासणाऱ्या डॉक्टरनं फाइल उघडी ठेवूनच तपासायचं. याला एक पैसा लागत नाही.

कागदपत्रांबद्दल. आधारची झेरॉक्स म्हणजे पडताळणी नव्हे. झेरॉक्सवरचा फोटो चार वेळा कॉपी होऊन काळा डाग झालेला असतो, आणि नाव-जन्मतारीख बदलून छापून घेणं रेल्वे स्टेशनबाहेरच्या कुठल्याही दुकानात जमतं. मूळ कार्ड मागा आणि त्यावरचा क्यूआर कोड स्कॅन करा. त्यात डिजिटल सही केलेली माहिती असते, फोटोसकट, आणि ती छापील मजकुराशी जुळली नाही तर लगेच कळतं. २०१८ पासून निघालेल्या पॅन कार्डांवरही तसा कोड आहे. पण आधारचीच सक्ती करू नका. सप्टेंबर २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं खाजगी कंपन्यांना आधार मागण्याची मोकळीक देणारी तरतूद रद्द केली, आणि त्यानंतरच्या दुरुस्तीतही आधार स्वेच्छेनंच दाखवायचं आहे. पॅन, मतदार ओळखपत्र, वाहन परवाना, पासपोर्ट यांतलं काहीही चालायला हवं. प्रत ठेवायचीच असेल तर शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क केलेलं आधार ठेवा. पूर्ण नंबर तुमच्या कपाटात पडून राहिला तर उद्या तो कुठे जाईल याची जबाबदारी तुमची.

एक अडचण इथे हमखास येते. एकाच माणसाची नावं वेगवेगळी असतात. आधारवर "संतोष रामभाऊ", पॅनवर "संतोष रामचंद्र", मतदार यादीत आडनावाचं स्पेलिंग तिसरंच. जन्मतारीख १ जानेवारी किंवा १ जून, कारण शाळेत घालताना मास्तरांनी टाकलेली. नावावरून शोधणारी यादी इथे कोलमडते. एकाच माणसाच्या दोन नोंदी होतात, आणि दोन वेगळी माणसं एक धरली जातात. म्हणून केंद्राकेंद्रांतला शोध नावावर कधीच अवलंबून ठेवू नये.

मग बोटाचे ठसे. नावाच्या गोंधळातून ते सोडवतात, पण त्यांचीही परीक्षा बघा. आपल्याकडे येणारे स्वयंसेवक बहुतेक हातावर पोट असलेले. गवंडी, रंगारी, लादी बसवणारे, हमाल. सिमेंट आणि चुन्यानं बोटांच्या रेषा झिजतात. पावसाळ्यात आणखीच. रेशन दुकानात अंगठा उठत नाही म्हणून धान्याविना परत जाणारी माणसं आपण पाहिली आहेत, तीच माणसं आपल्याही रांगेत उभी असतात. म्हणून एका अंगठ्यावर थांबू नका. दोन्ही हातांचे अंगठे आणि तर्जनी, अशी चार बोटं नोंदवा. मशीनची काच दर दहा माणसांनंतर पुसा, कोरडी बोटं ओलसर कापडानं पुसून घ्या. ठसा जुळला नाही म्हणून कुणाला परत पाठवू नका, आणि जुळला म्हणून तपासणी सोडू नका. ठसा उठतच नसेल तर काय करायचं, हे तुमच्या एसओपीत (कामाच्या ठरलेल्या लेखी पद्धतीत) आधीच लिहिलेलं हवं: चेहरा, शरीरावरच्या खुणा, दोन ओळखपत्रं आणि वरिष्ठ डॉक्टरची सही. आमच्याकडे मशीन बंद पडलं त्या रात्री हे लिहिलेलं नव्हतं, म्हणून धाकटा भाऊ बिछान्यापर्यंत पोचला.

आता दुसरा प्रश्न: आणखी कुठे होता का?

याचं खरं उत्तर म्हणजे केंद्राकेंद्रांची सामायिक नोंद. काही देशांनी हे फार आधी ओळखलं. फ्रान्सनं डिसेंबर १९८८ च्या कायद्यातच निरोगी स्वयंसेवकांची राष्ट्रीय नोंदवही घातली. तिच्यात नाव चढल्याशिवाय डोस नाही, एका अभ्यासानंतर ठरावीक काळ दुसरा नाही, आणि वर्षाला एका माणसानं किती मोबदला घ्यावा यालाही वरची मर्यादा. ब्रिटनमध्ये २००२ साली लंडनच्या एका डॉक्टरांनी टॉप्स नावाची इंटरनेटवरची नोंद उभी केली. माणसाचा नॅशनल इन्शुरन्स नंबर किंवा परदेशी असेल तर पासपोर्ट नंबर, आणि शेवटच्या डोसची तारीख, एवढंच तीत भरायचं. कुठलं औषध, कशाचा अभ्यास, काही नाही. एवढ्या मोजक्या माहितीवर काम चालतं हे मला त्या पद्धतीचं सगळ्यात शिकण्यासारखं वाटतं. २०१३ पासून ती तिथल्या सरकारी संशोधन यंत्रणेकडे आहे. अमेरिकेत सरकारी अशी नोंद नाही, खाजगी कंपन्यांच्या वेगवेगळ्या आहेत, आणि एका कंपनीची नोंद दुसरीला दिसत नाही.

आपल्याकडे २०१९ च्या नवीन औषधं आणि वैद्यकीय चाचण्यांच्या नियमांनी बीई केंद्रांची नोंदणी आणली, अभ्यासांना मंजुरी देणाऱ्या नैतिकता समितीचं काम बांधून दिलं, पण स्वयंसेवकांची एकच राष्ट्रीय यादी आणलेली नाही. जी आहे ती उद्योगानं स्वतःहून घेतलेली: ओव्हिससारखी ऑनलाइन, बोटांच्या ठशांवर चालणारी प्रणाली. अनेक केंद्रं ती वापरतात, सगळी नाहीत. तुमचा स्वयंसेवक ज्या शहरात गेला तिथलं केंद्र तुमच्याच प्रणालीवर असतं, तर त्याला तिथे बहुधा दारातच थांबवलं असतं. मुंबईहून रात्रीच्या गुजरात मेलनं निघालं की सकाळी अहमदाबाद. माणसाला जायला एक रात्र लागते आणि आपली यादी तिथवर पोचत नाही. केंद्र कुठल्या प्रणालीवर आहे हे अभ्यास करवून घेणाऱ्या प्रायोजक कंपनीनं कंत्राट देतानाच विचारायला हवं, आणि नैतिकता समितीनंही. हे मी प्रत्येक बैठकीत म्हणते, इथेही म्हणते.

पण प्रणाली असूनही घोळ होतो, आणि तो जवळजवळ नेहमी नोंद करण्याच्या वेळेत असतो. इथे जरा सविस्तर सांगते, कारण तुमच्या केंद्रात उद्याच सुधारता येण्यासारखं हेच आहे.

माणूस एकाच आठवड्यात तीन केंद्रांत स्क्रीनिंग देऊ शकतो. त्यात गैर काही नाही, कुठे निवड होईल हे त्याला माहीत नसतं. तिन्ही केंद्रं त्याच दिवशी यादी बघतात, तिन्हीकडे तो मोकळा दिसतो. पुढच्या आठवड्यात दोन ठिकाणी निवड झाली. पहिल्या केंद्रानं सोमवारी डोस दिला पण नोंद केली शनिवारी. मी पूर्वी जिथे होते तिथे असंच चालायचं, आठवड्याच्या सगळ्या नोंदी शनिवारी दुपारी एकगठ्ठा, कारण एकच जण ते काम बघायचा. बुधवारी दुसऱ्या केंद्रानं यादी बघितली तेव्हा तो मोकळाच होता. प्रणालीत दोष नव्हता. तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

म्हणून यादी तीनदा बघायची: स्क्रीनिंगला, चेक-इनच्या रात्री, आणि डोसच्या सकाळी, म्हणजे पहिली गोळी हातात देण्याआधी. नोंद डोसच्या क्षणालाच करायची. जो गोळी दिल्यावर तोंड तपासतो त्याच्या शेजारच्यानं लगेच. प्रत्येक पिरियडच्या चेक-इनला पुन्हा बघायची, कारण वॉशआउटमध्ये माणूस घरी असतो आणि लांब अर्धायुष्याच्या औषधांत तो काळ तीन-चार आठवड्यांचा असतो. तुमचा स्वयंसेवक नेमका याच फटीतून गेला. कुलूप पहिल्या डोसला लागलं पाहिजे आणि शेवटच्या डोसनंतर, शेवटच्या रक्तानंतर, ठरलेले दिवस मोजून उघडलं पाहिजे. तुमच्या प्रणालीत "अभ्यास पूर्ण" झाल्यावरच नोंद चढते का, हे आजच तपासा. मला तसंच असावं अशी शंका आहे.

उलट बाजूही तितकीच महत्त्वाची. चेक-इन झालं, पण राखीव म्हणून बसवलेल्या माणसाला डोस मिळालाच नाही. त्याला सकाळी घरी पाठवलं. नोंद मात्र "सहभागी" अशी राहिली. आता तो तीन महिने कुठेच बसू शकत नाही, आणि का ते त्याला कुणी सांगत नाही. अशी माणसं मग खोटं ओळखपत्र शोधतात. हे पाप आपलं आहे. राखीवांची, मध्येच सोडून गेलेल्यांची, स्क्रीनिंगला नापास झालेल्यांची नोंद त्याच दिवशी सुटली पाहिजे, आणि सोडून गेलेल्याच्या बाबतीत शेवटचा डोस व शेवटचं रक्त यांच्या खऱ्या तारखा टाकूनच.

माहितीच्या गुप्ततेबद्दल थोडक्यात. ठशाची प्रतिमा साठवू नये, तिच्यापासून बनवलेला सांकेतिक नमुना साठवावा, ज्यावरून मूळ ठसा उभा करता येणार नाही. दुसऱ्या केंद्राला फक्त एवढंच दिसावं: अमुक तारखेपर्यंत नाही, किंवा मोकळा. स्वयंसेवकाला हे त्याच्या भाषेत, संमतीपत्राच्या वेगळ्या परिच्छेदात सांगावं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचा गाभाही तोच आहे: कशासाठी घेतोय ते सांगा, तेवढंच घ्या, काम झालं की पुसा. ठशासाठी अंगठा पुढे करणाऱ्या माणसाला "हे कशाला?" असं विचारायची हिंमत बहुतेकदा होत नाही, म्हणून त्यानं विचारायची वाट न बघता आपणच सांगायचं.

आता त्या सहीकडे येते. "मी दुसऱ्या अभ्यासात भाग घेतलेला नाही."

माणूस रात्रपाळी करून, रिकाम्या पोटी, दोन लोकल बदलून स्क्रीनिंगला आलेला असतो. त्या दिवसाची मजुरी बुडाली. खरं बोलला तर तो अपात्र, हातात शून्य. खोटं बोलला तर काही हजारांची आशा. त्याला कुणी आणून सोडणारा एजंट असेल तर त्यानं आधीच पढवून ठेवलंय, काय विचारतील, काय सांगायचं. अशा वेळी खरं बोलणं त्याला परवडत नाही, हे आपणच ठरवून ठेवलेलं असतं. २०१३ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, वारंवार अभ्यासांत भाग घेणाऱ्या १०० जणांना विचारलं होतं. त्यांतल्या तीन चतुर्थांश लोकांनी संशोधकांपासून काही ना काही लपवल्याचं सांगितलं. ती माणसं वेगळ्या देशातली, पण हिशोब तोच. २०१७ मध्ये तेलंगणातल्या करीमनगर भागातून परगावी औषध-चाचण्यांना जाणाऱ्या तरुणांच्या बातम्या आल्या तेव्हाही कारण निराळं नव्हतं.

म्हणून माझा आग्रह असा. स्क्रीनिंगला आलेल्या प्रत्येकाला, तो पात्र ठरो वा न ठरो, प्रवासखर्च आणि बुडालेल्या दिवसाची भरपाई द्या. नैतिकता समितीकडून ती रक्कम मंजूर करून घ्या, भिंतीवर मराठी-हिंदीत लावा. "तुम्ही दुसरीकडे बसला असाल तर आज सांगा, आजचे पैसे मिळतील, आणि अमुक तारखेनंतर तुम्हाला आम्हीच फोन करू." हे वाक्य आमच्याकडे स्क्रीनिंगच्या आधी बोललं जातं, फॉर्म भरून झाल्यावर नाही. प्रश्नही बदलला. "भाग घेतलाय का?" याला सगळे मान हलवून नाही म्हणतात. "शेवटचं रक्त कधी काढलं होतं? कुठल्या हाताचं? किती दिवस राहिला होतात?" असं सहज विचारलं की माणूस आठवायला लागतो. आणि हे विचारताना कोपर बघायचं, दोन्ही. रक्तदानाची खूण एकच असते आणि मोठी. अभ्यासातून आलेल्याच्या शिरेवर कॅन्युलाची एक खूण आणि आसपास लहान टोचण्या असतात, दोन आठवड्यांपर्यंत पिवळट हिरवा डागही राहतो. रक्तदान केलं म्हणाला तर दात्याचं कार्ड मागा, नाराज न करता.

काळी यादी करू नका. काही केंद्रं पकडलेल्या माणसाला कायमचा बाद करतात आणि त्याचं नाव व्हॉट्सअॅपवर फिरवतात. ते बेकायदेशीर ठरू शकतंच, शिवाय त्यामुळे पुढचा माणूस आणखी घट्ट लपवतो. मुदत संपेपर्यंत थांबवणं पुरे.

आता तुमच्या समोरच्या या माणसाबद्दल. त्याला दुसऱ्या पिरियडचा डोस देऊ नका, पण लगेच घरीही पाठवू नका. रात्र ठेवा, जेवू घाला. नाडी, रक्तदाब, ईसीजी, हिमोग्लोबिन, यकृत-मूत्रपिंडाच्या तपासण्या करा. त्याच्या परवानगीनं, त्याच्यासमोर, दुसऱ्या केंद्राच्या डॉक्टरला फोन लावा: शेवटचा डोस कधी, कुठल्या वर्गातलं औषध, काही त्रास झाला का. त्यांना तुमच्याकडच्या डोसची तारीखही सांगा, कारण त्यांचा अभ्यासही बिघडलाय आणि त्यांनाही या माणसावर लक्ष ठेवायचंय. सापडलेलं काही गंभीर असेल तर २४ तासांत कळवण्याचा नियम लागू होतो. गंभीर नसेल तरी प्रोटोकॉलपासून (अभ्यासाच्या मंजूर आराखड्यापासून) झालेलं विचलन म्हणून नोंद करा, नैतिकता समितीला आणि प्रायोजकाला लेखी कळवा. त्याच्या पहिल्या पिरियडच्या माहितीचं काय करायचं ते प्रोटोकॉलमध्ये जे लिहिलंय त्याप्रमाणे, आणि रक्तातल्या पातळ्या बघण्याआधी ठरवा. नंतर ठरवलं तर ते कितीही प्रामाणिक असलं तरी तसं दिसत नाही.

पहिल्या पिरियडचे पैसे त्याला पूर्ण द्या. त्यानं ते दिवस दिलेत, रक्त दिलंय. आणि आठवड्यानं त्याला पुन्हा बोलावून हिमोग्लोबिन बघा, कमी असेल तर लोहाच्या गोळ्या तुमच्या फार्मसीतून द्या. येण्याजाण्याचं भाडं आदल्या दिवशीच त्याच्या खात्यात टाका, म्हणजे तो येईल.